कपडेपटातलं लेटेक्स

लेटेक्सचा पोशाख कपडेपटात आला की तो कोणाला बसेल हा प्रश्न नंतरचा. तो ठेवायचा कुठे, हा आधीचा. एका नृत्यनाट्यासाठी आमच्याकडे असा एक संच आला: गळ्यापासून घोट्यापर्यंतचा काळा सूट, कोपराच्या वर जाणारे पांढरे हातमोजे आणि जाड लाल पट्टा. तोवर मी सुती, रेशमी, जरीचे, मखमलीचे कपडे सांभाळले होते. कपडेपटात हयात घालवलेल्या काकांनी सूट दोन बोटांत धरून चाचपला आणि खोक्यात परत ठेवला. "याला परीट नको, वैद्य हवा," असं म्हणून जबाबदारी माझ्याकडे ढकलून ते मोकळे झाले.

काकांचं म्हणणं थट्टेचं असलं तरी खोटं नव्हतं. कापड वापराने झिजतं, मळतं, विटतं. लेटेक्स नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतं, आणि रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. त्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसल्या तर काय होतं ते लोकांनी 19 व्या शतकात भोगलं आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉशने कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून पावसाळी कोटांचं कापड काढलं. ते उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत ताठ. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांची जोडी सापडली. गंधक साखळ्यांना जागोजागी गाठी मारतं, म्हणून रबर ताणलं तरी परत मूळ जागी येतं. आमचा सूट अंगावर त्वचेसारखा बसतो तो या गाठींच्या जोरावर. पण साखळ्यांमध्ये कच्चे दुवे उरतातच. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्या दुव्यांवर काम करत राहतात. आपल्या हातात एवढंच असतं की ते काम शक्य तितकं सावकाश व्हावं.

म्हणून मी सुरुवात कपाटापासून केली. आमच्या कपडेपटात एका बाजूला मोठी खिडकी, लोखंडी दांडी, तारेचे हँगर आणि भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल. लेटेक्सच्या दृष्टीने यातलं काहीच धड नाही. तारेचा हँगर खांद्यावर रेघ पाडतो, खिडकीचं ऊन रंग उडवतं आणि रबर कडक करतं. ओझोन ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारींपाशी तयार होतो, हवा शुद्ध करणाऱ्या काही यंत्रांतूनही निघतो, आणि ताणलेल्या रबराला तो जास्त लागतो. रबरबँड पुडक्याभोवती वर्षभर राहिला तर त्याला आडव्या बारीक भेगा पडतात, त्या याच प्रकारच्या. घडी घालणं म्हणजेसुद्धा ताणणंच, कारण घडीच्या बाहेरच्या अंगाला रबर ओढलं जातं. म्हणून लेटेक्स करकचून घडी घालून दडपून ठेवलं की भेगा नेमक्या घडीच्या रेषेवरच येतात.

शेवटी सुटासाठी आतल्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं केलं. प्लास्टिकचा रुंद, गुळगुळीत खांद्यांचा हँगर, वर गडद सुती कापडाची खोळ. साध्या पारदर्शक पीव्हीसीच्या खोळी आमच्याकडे ढिगाने होत्या, पण पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलकट द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि रबर ती पिऊन घेतं. हातमोजे आणि पट्टा आडवे, छापील मजकूर नसलेल्या पांढऱ्या पातळ कागदात. वर्तमानपत्राची शाई लेटेक्सवर उतरते आणि निघत नाही. गडद रंग फिक्याला लागू नये म्हणून काळं, लाल आणि पांढरं वेगवेगळं. सुटाची चेन धातूची होती, तिच्या मागेही कागदाची एक पट्टी सरकवून ठेवायची सवय लावून घेतली.

धातूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या संचातलं पहिलं नुकसान त्यातूनच झालं.

सूट बनवणाऱ्या बाईंनी सोबत एक कागद पाठवला होता. त्यावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तांबं, पितळ, कासं यांचा स्पर्श होऊ देऊ नका असं लिहिलेलं. मी तो वाचून दाखवला, मुलींनी अंगठ्या, बांगड्या, कानातलं सगळं डबीत काढून ठेवलं. तालीम छान झाली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या उजव्या हातमोज्यावर अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांवर चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके. मी आधी मेकअपवर संशय घेतला. साबणाने धुऊन पाहिलं, काही फरक नाही. मग नाचणारीला विचारलं, हातमोजे घालून कशाकशाला हात लावलास? ती म्हणाली, "ताई, कशालाच नाही हो. फक्त दार उघडून पाणी प्यायला गेले." मेकअपच्या खोलीच्या दाराला जुनी पितळी मूठ आहे. तिने ती नेमकी त्या तीन बोटांनी फिरवली होती.

हा डाग लगेच दिसत नाही, ही त्यातली गोम. तांब्याचा अंश रबरावर जातो, तिथे गंधकयुक्त रसायनांशी त्याची गाठ पडते, आणि तयार झालेलं गडद संयुग हळूहळू रंग दाखवतं. ज्या गंधकाने चिकाचं कापड होतं, तेच तांबं दिसलं की डाग पाडतं. डाग नुसता वर बसलेला नसतो, रबराच्या आतच तयार झालेला असतो, म्हणून घासून जात नाही. शिवाय तांब्यामुळे रबर सडण्याचा वेगही वाढतो. काळ्या सुटावर असा डाग पडला असता तर कोणाला दिसलाही नसता. म्हणून पांढऱ्या, फिक्या आणि पारदर्शक लेटेक्सला माझ्याकडे वेगळा नियम आहे: ज्या हातांनी नुकती नाणी किंवा किल्ल्या हाताळल्या, ते हात आधी साबणाने धुवायचे, मगच लेटेक्स उचलायचं. दिवसभर घातलेल्या बांगडीचा अंश कातडीवर राहतो, तोही पुरतो. आणि त्या मुठीला मी जाड कापड गुंडाळून बांधून टाकलं.

तेलाचं प्रकरण याहून वाईट, कारण तेल नुसता डाग पाडत नाही, रबरच फुगवतं. आमच्याकडे ते मानेपाशी दिसलं. नाचणारीच्या गळ्यावर तेलकट रंग लावलेला असायचा आणि सुटाची गळपट्टी त्यावर येऊन बसायची. काही प्रयोगांनंतर गळपट्टीची कडा सरळ राहीना. ती लाटेसारखी वर-खाली झाली, बोटाला जराशी बुळबुळीत लागली आणि ताणली तर बाकीच्या सुटापेक्षा सहज लांबली. पेट्रोलियम जेली, अंगाला लावायचं लोशन, सनस्क्रीन, केसांचं तेल, ओठांचा बाम, सगळ्यांचा परिणाम याच जातीचा. त्यानंतर मेकअपवाल्या दादांशी बसून ठरवलं: सुटाच्या कडेपासून चार बोटांपर्यंत तेलकट काही लावायचं नाही, तिथे पाण्यात मिसळणारा रंग. दादा कुरकुरले, मग तयार झाले.

धुराच्या यंत्राची चौकशी मला नंतर सुचली. रंगमंचावर प्रकाशाचे झोत दिसावेत म्हणून जे धुकं सोडतात, त्यातली काही यंत्रं खनिज तेलाचे सूक्ष्म थेंब उडवतात, काही ग्लायकॉल आणि पाणी. प्रकाशयोजनेवाल्यांना विचारलं तर आमचं यंत्र ग्लायकॉलवालं निघालं. तेलाचं असतं तर मी भांडण काढलं असतं.

आता घालण्याचं. लेटेक्स कोरड्या अंगावर सरकत नाही, जागच्या जागी अडतं, आणि अडलं की माणूस ओढतो. तिथेच फाटतं. ते मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं, पण कडेला नखाएवढी चीर पडली की त्याच ताणाने चीर पुढे पळत सुटते. म्हणून बनवणारेही सुईदोरा वापरत नाहीत. कडा एकमेकींवर चढवून रबराच्या सोल्यूशनने चिकटवतात. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण.

सरकायला दोन मार्ग आहेत. एक, सुगंध नसलेली टाल्कम पावडर. दुसरा, शुद्ध सिलिकॉनचं तेल. नावात तेल असलं तरी हे रबराला लागत नाही, त्याची जातच निराळी. पावडर स्वस्त, स्वच्छ, पसरायला सोपी. पण काळ्या सुटावर सांध्यांत पांढऱ्या रेघा दिसतात आणि अंधारात बदल करायचा असेल तर नाचणारी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. सिलिकॉनने सूट अंगावर सपकन चढतो. मी प्रयोगाला सिलिकॉन आणि साठवणीला पावडर असं ठरवलं आहे. सिलिकॉन विकत घेताना मात्र डबीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणाऱ्या फवाऱ्यांवरही सिलिकॉन लिहिलेलं असतं, पण त्यातल्या कितीतरींत पेट्रोलियमचे द्रावक असतात. लाकडाच्या पॉलिशकडे तर बघायचंही नाही.

आणखी एक. सिलिकॉन जमिनीवर सांडलं तर ती फरशी दिसायला कोरडी असते आणि पाय ठेवला की घसरते. रंगमंचाच्या विंगेत हे झालं असतं तर कोणाचा तरी पाय मोडला असता. म्हणून सूट घालायचा तो जुन्या सतरंजीवर उभं राहून, आणि तळपाय पुसल्याशिवाय खाली उतरायचं नाही. ती सतरंजी दुसऱ्या कशालाही वापरत नाही.

घालायला मी मदत करते ती नखं कापून, आणि बोटांच्या पेरांनी, कधीच टोकांनी नाही. पाय आधी घोट्यापर्यंत पूर्ण बसवायचा. वरून ओढायचं नाही. खालचं रबर तळहाताने थोडं थोडं वर सरकवत न्यायचं. गुडघ्याशी गोळा झालेलं रबर मांडीवर गेल्याशिवाय कमरेला हात लावायचा नाही. कडेला पकडून ओढण्याचा मोह प्रत्येकीला होतो, विशेषतः घंटा वाजायला आली असताना. तेव्हा मी तिला "सांध्याला धर, कडेला नको" एवढंच सांगते. सांध्याला रबर दुहेरी असतं.

अंगाला लागण्याचा प्रश्नही कपडेपटाने विचारायचा असतो, हे मला उशिरा कळलं नाही हे नशीब. नैसर्गिक रबरात झाडाची प्रथिनं उरतात आणि काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. काहींना प्रथिनांचं काही वाटत नाही, पण व्हल्कनायझेशनला, म्हणजे गंधकाने गाठी मारण्याच्या त्या प्रक्रियेला, वापरलेल्या रसायनांमुळे एकदोन दिवसांनी पुरळ उठतं. प्रथिनं पावडरीला चिकटून हवेत उडतात. या आणि अशा इतर कारणांनी अमेरिकेत 2017 पासून पावडर लावलेले वैद्यकीय हातमोजे बंद केले गेले. तेव्हा कोणालाही माप घ्यायला बोलावण्याआधी मी विचारते: फुगा फुगवताना ओठ सुजले का कधी, दातांच्या डॉक्टरांच्या हातमोज्यांनी खाज सुटली का? बदली नाचणारी निवडताना एकीने हो म्हटलं. तिला सूट दिला नाही, आणि तिच्या खोलीत पावडरही उडवली नाही.

खरी मेहनत प्रयोगानंतर. रबरातून हवा जात नाही, दिव्यांखाली आतला माणूस उकडून निघतो. आम्ही दोन प्रवेशांच्या मध्ये तिला चेन उघडून बसवतो, पाणी पाजतो, चक्कर येतेय का विचारतो. पडदा पडल्यावर हातमोजा काढून उलटा धरला की पाचही बोटांतून घामाचं पाणी टपटपतं. तो घाम सुटात तसाच वाळू दिला तर त्यातलं मीठ आणि अंगाचं तेल रबरावर बसतं, आणि वासाचं तर विचारूच नका. "उद्या सकाळी बघू" हे वाक्य इथे चालत नाही.

काढण्यासाठी आम्ही तिला सूट घालूनच न्हाणीघरात पाठवतो. गळ्यातून कोमट पाणी आत सोडलं की चिकटलेलं रबर अंगापासून सुटतं आणि सूट जवळजवळ आपोआप उलटा होत खाली येतो. ओढाताण नाही, फाटाफूट नाही. कोरडा सूट घामेजल्या अंगावरून सोलून काढण्याचा प्रकार एकदा पाहिला की पाण्याची किंमत कळते.

मग प्लास्टिकचा मोठा टब. पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊन लागेल इतकंच. साबण सौम्य, द्रव, त्यात मॉइश्चरायझर, तेल, ब्लीच काही नको, आणि तोही काही थेंबच. आधी बाहेरची बाजू, मग सूट उलटा करून आतली. ब्रश नाही, घासणी नाही. तळहात फिरवायचा, सिलिकॉनचा बुळबुळीतपणा जाऊन रबर हाताखाली चर्र वाजायला लागलं की धुऊन झालं समजायचं. काखेचा आणि जांघेचा भाग, चेनच्या दातांची मागची बाजू आणि पावलांची टोकं मी दोनदा धुते. नंतर दोन स्वच्छ पाण्यांत खळबळून काढायचं. पिळायचं अजिबात नाही. वॉशिंग मशीन, ड्रायर, ड्राय क्लीनिंग, इस्त्री यांची नावंही काढू नयेत. ड्राय क्लीनिंगच्या द्रावकाने तर सांधेच सुटतील. नळाकडेही लक्ष असू द्या. चकचकीत दिसणारा नळ आतून पुष्कळदा पितळेचाच असतो, आणि मुलामा उडालेल्या जागी पांढरा हातमोजा टेकला तर पुन्हा तेच ठिपके.

ओलं लेटेक्स पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. काळा सूट पाण्यातून निघतो तो राखाडी, धुरकट, जागोजागी ढग उतरल्यासारखा. खराब झाला असं वाटतं. रबरात थोडं पाणी मुरतं आणि त्या सूक्ष्म थेंबांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ते दुधाळ दिसतं. वाळलं की काळेपण परत येतं. मला ही खूण फार उपयोगी पडली, कारण वरून हात लावला तर सूट केव्हाच कोरडा लागतो, पण सांध्यांपाशी राखाडी झाक असेल तर आत पाणी आहे. ती गेल्याशिवाय तो खोळीत जात नाही. ओल्या अंगाने बंद केलेल्या लेटेक्सला बुरशीचा वास धरतो.

वाळवताना सावली, वारा आणि धीर. दोन बाजू एकमेकींना चिकटून वाळल्या तर त्या सोडवताना फाटतात, म्हणून बाह्यांत आणि पायांत तंतू न सुटणारं मऊ फडकं गुंडाळून सरकवते. बाहेरची बाजू सुकली की सूट पुन्हा उलटा, आणि फडकी बदलायची. हातमोज्यांची बोटं मात्र फार छळतात. त्यांत फुंकर मारून ती फुगवायची, मनगटाशी मुठीत धरून हवा बोटांकडे ढकलायची, आणि एकेक बोट टप्प असा आवाज करत बाहेर येतं. थकलेल्या रात्रीही या आवाजाची मला गंमत वाटते.

धुण्याच्या शेवटच्या पाण्यात मिसळायचं सिलिकॉनचं मिश्रण मिळतं. सूट त्यात बुडवून थेट टांगला की दोन्ही बाजूंना पातळ थर बसतो. तो चिकटत नाही, पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं आणि थोडी तकाकीही येते. प्रयोगांची रांग लागली असेल तेव्हा मी तेच करते. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर मात्र सिलिकॉन धुऊन टाकून आतबाहेर पावडर. तकाकीसाठी घाई करण्यात अर्थ नाही. आरशासारखी चमक प्रयोगाच्या दिवशी, सूट अंगावर चढल्यानंतर, मऊ फडक्याला सिलिकॉन लावून पुसलं की पाच मिनिटांत येते. आधीच चमकवून ठेवलेल्या सुटावर कपाटातली सगळी धूळ बसते.

क्लोरिनेशन केलेला सूट मागवावा का, यावर आमच्यात चर्चा झाली होती. त्यात तयार कपड्याला क्लोरीनच्या पाण्यातून काढतात; रबराचा वरचा थर कडक, निसरडा होतो आणि पावडर-सिलिकॉनशिवाय तो अंगात जातो. रोज झटपट बदल असणाऱ्या नाटकाला हे वरदानच. रंगात थोडा फरक पडतो, तकाकी किंचित कमी होते, ठिगळ लावायला पृष्ठभाग जरा अवघड होतो. आमच्याकडच्या एका उत्साही सहाय्यकाने हे घरीच करून बघू म्हटलं तेव्हा मात्र मी त्याला गप्प बसवलं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ते काम ज्यांच्याकडे तशी हवेशीर जागा आणि साधनं आहेत त्यांचंच.

इतकं करूनही सूट फाटला. पाठीवर चेन संपते तिथे, स्वल्पविरामाच्या आकाराची, नखाएवढी चीर. ती जागा ताणाची असते, कोणी चुकलं म्हणून फाटलं असं नव्हतं. त्या रात्री काकांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी पुढे केली. तो गोंद काचेसारखा कडक होतो, रबर ताणलं की त्याच्या कडेने नवी चीर पडते. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद रबरात मुरतो. त्या प्रयोगाला चेनच्या टोकावर लाल पट्टा थोडा वर चढवून बांधला आणि वेळ निभावली.

दुरुस्तीची रीत सायकलच्या पंक्चरची आहे, फक्त हात हलका हवा. सुटासोबत त्याच जाडीच्या, 0.4 मि.मी. लेटेक्सचा एक तुकडा आला होता. त्यातून चिरेच्या सगळ्या बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त असं अंडाकृती ठिगळ कापलं. चौकोनी ठिगळाचे कोपरे उचलतात, म्हणून गोलाई. सूट उलटा करून टेबलावर सपाट पसरला, चिरेच्या कडा न ताणता एकमेकींना भिडवल्या आणि बाहेरच्या अंगाने कागदाची पट्टी खाली ठेवली. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: सिलिकॉन काढणं. त्याचा अंश राहिला तर सोल्यूशन धरतच नाही. लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलने भिजवलेल्या फडक्याने ती जागा आणि ठिगळ पुसलं, वाळू दिलं, पुन्हा पुसलं. खिडक्या सताड उघड्या, जवळपास काडी, शेगडी, इस्त्री काही नाही.

पेट्रोलने रबर फुगतं हे डोळ्यांनी दिसतं, आणि मनात येतं की तेलाला नावं ठेवणारी मी हे काय करतेय. पेट्रोल उडून जातं आणि रबर पुन्हा बसतं. तेल आतच मुक्काम ठोकतं. फरक एवढाच, पण सगळा फरक तोच.

सोल्यूशन दोन्ही पृष्ठांवर अगदी पातळ लावलं. लावताक्षणी ठिगळाच्या कडा वळायला लागल्या आणि क्षणात त्याची सुरळी झाली. इथे घाबरून बोट घालायचं नसतं. द्रावक उडत गेला तशी सुरळी आपोआप उलगडली. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर चिकट लागेल पण बोटाला काही येणार नाही, इतकं वाळू दिलं. मग ठिगळ एका टोकाकडून टेकवत नेलं. दुसरी संधी मिळत नाही. ही दोन पृष्ठं एकमेकींना भेटली की सुटत नाहीत. वरून छोटा रूळ मधून कडेकडे फिरवून हवा काढली, आजूबाजूच्या चिकट जागेवर पावडर टाकली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सुटाला कोणी हात लावायचा नाही असा कागद कपाटावर चिकटवला. बाहेरून पाहिलं तर केसाएवढी रेघ दिसते. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती दिसणार नाही.

गळपट्टीच्या लाटेवर मात्र इलाज नव्हता. तेलाने फुगलेलं रबर धुऊन थोडं सावरतं, पण पूर्वीसारखं होत नाही. ती पट्टी सांध्यापाशी कापून बनवणाऱ्या बाईंकडून नवीन बसवून घेतली. डाग पडलेले पांढरे हातमोजे तालमीला ठेवले, प्रयोगासाठी काळे मागवले. दिग्दर्शकांना पांढरेच हवे होते. मी त्यांना दाराची मूठ दाखवली.

लेटेक्स संपलं हे ओळखायला फार वेळ लागत नाही. हळुवार ताणलं आणि बारीक भेगांची जाळी दिसली, किंवा धुऊन, वाळवून, पावडर लावूनही बोटाला चिकट लागलं, की ते रबर गेलं. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही, उलट प्रयोगाच्या मध्यावर ते उकलेल अशी धास्ती राहते. तालमीचे हातमोजे शेवटी त्या गतीला गेले, बोटांकडून. मनगटाच्या वरचा भाग अजून चांगला होता, तो कापून घेतला. काळ्या सुटाला पांढरं ठिगळ आतून लागलं तर बाहेरून कोणाला कळत नाही. तुकडे पावडर लावून, कागदाच्या थरांत सपाट ठेवले आहेत, आणि प्रत्येकावर जाडी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली, टाचणीने लावलेली नाही.